काका, मी अडीचशे नको म्हणाले त्याचं कारण

काका,

बुधवारी संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "वाशीमकर, उद्या शेवटचं सांगा. नाहीतर निळी गाडी मी दुसऱ्या कुणाला दाखवतो." मी म्हणाले, उद्या सांगते. गुरुवारी तुमच्या गॅरेजचं शटर वर गेलंच नाही. साडेदहाला तुमच्या मुलाचा फोन आला. त्याने काय सांगितलं ते मला नीटसं आठवत नाही. हातातला फोमचा तुकडा मी घट्ट दाबून धरला होता, एवढं आठवतं. नंतर पाहिलं तर त्यात बोटांचे ठसे उठले होते आणि ते हळूहळू भरून येत होते.

एवढा माणूस गेला आणि ही बाई गाडीचं काय घेऊन बसली, असं कुणी म्हणेल. पण आपल्या दोघांत शेवटचा विषय तोच होता, आणि तो अर्धा राहिला. माझ्यासाठी किती सीसीची गाडी. तुम्ही अडीचशे म्हणत होतात, मी दीडशे. आठ महिने चाललं होतं. तुमच्याकडे कारणं होती, माझ्याकडे नुसती निमित्तं. खरं कारण मी सांगितलंच नाही. ज्या रस्त्यासाठी तुम्ही ती निळी गाडी माझ्याकरता धरून ठेवली होती, त्या रस्त्याने मला जायचंच नव्हतं. हे गुरुवारी सांगणार होते. शपथेवर सांगते, सांगणार होते.

अकरा वर्षांपूर्वी तुमच्या शेजारचा गाळा मी घेतला तेव्हा माझ्याकडे एक शिलाई मशीन, रेक्झिनचे चार गुंडाळे आणि भरपूर भीती होती. नववीत शाळा सुटली ती लग्नासाठी. लग्न चार वर्षं टिकलं. नंतर पुण्यात येऊन दुसऱ्याच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवायला शिकले. स्वतःचं दुकान टाकलं तरी कुणी येऊन काही विचारेल, कागद मागेल, बाई एकटी का म्हणेल, याची धास्ती. म्हणून मशीन भिंतीकडे तोंड करून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाचा पेला घेऊन दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "अहो, गाळा धंद्याला घेतलाय की लपायला?"

मशीन त्याच दिवशी फिरवलं.

मग तुम्ही गाव विचारलंत. वाशीम म्हटलं. घरी कोण कोण, म्हणून विचारलंत. मी लगेच सांगितलं, आई आहे, भाऊ आहे, सगळे आहेत, दिवाळीला जाते. खरं तर नवऱ्याचं घर सोडलं त्या दिवशीच भावाने सांगितलं होतं की इकडे यायचं नाही. आई दाराआड उभी होती. पण परक्या गावात, परक्या माणसासमोर, आपल्यामागे घर आहे असं सांगितलेलं बरं असतं. एका वाक्याचं खोटं होतं. मला वाटलं, हे कोण लक्षात ठेवतंय.

तुम्ही लक्षात ठेवलंत. त्या दिवसापासून मी वाशीमकर झाले. रोज अकराच्या चहाला तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, आई बऱ्या आहेत ना?

तुमच्याकडे नवी गाडी विकायला नव्हती, पण ती कुठली घ्यावी हे विचारायला अर्धी बिबवेवाडी यायची. स्पोर्ट बाइक घ्यायची म्हणून पोरं तावातावाने यायची, चारशेच्या खाली बोलायची नाहीत. तुम्ही सीसीचं नावच काढायचा नाहीत. आधी विचारायचात, रोज कुठून कुठे जाता, मागे कोण बसतं, वजन किती, आधी काय चालवलंय. मग गॅरेजपुढच्या चढावर तुमच्याकडची एखादी तसलीच गाडी उभी करायचात आणि सांगायचात, इंजिन बंद ठेवून उलटी ढकलत आत आणा. दहा पावलं. नाकापर्यंत घाम यायचा लोकांना. एखादा चिडून म्हणायचा, काका, आम्ही गाडी चालवायला घेतोय, ढकलायला नाही. त्यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. "बंद असताना जी तुमचं ऐकत नाही, ती चालू झाल्यावर ऐकेल असं वाटतं?"

एक कॉलेजचा मुलगा आला होता, माझ्या मित्राकडे चारशेची आहे म्हणून मलाही तीच हवी म्हणत होता. तुम्ही शांतपणे विचारलंत, मित्राचा चष्माही लावता का. दुसरे एक गृहस्थ होते, रविवारी घाटात जायचं म्हणून मोठं इंजिन हवं होतं. त्यांना तुम्ही म्हणालात, रविवार आठवड्यातून एकदाच येतो, सोमवार ते शनिवारची गाडी घ्या; रोज स्वारगेटच्या सिग्नलला उभे राहता ना, तिथे ती मोठी गाडी तुमच्या पोटऱ्यांवर पोळ्या भाजेल. माणूस हसत हसत दोनशेवर उतरला. तुम्ही कुणालाच वर चढवलं नाहीत. सगळ्यांना एकेक पायरी खाली आणायचात, आणि लोक वर्षभराने पेढे घेऊन यायचे.

आणि मी काय केलं? तुम्ही खाली उतरवलेल्या एका माणसाला मी पुन्हा वर चढवलं.

ते साहेब कात्रजचे, कंपनीत नोकरीला, उंचीने बेताचे. तुम्ही त्यांना दोनशेच्या पुढे जाऊ नका म्हणालात. ते तुमच्याकडून निघाले आणि सरळ माझ्याकडे आले. म्हणाले, फक्त पाय टेकत नाहीत एवढाच प्रॉब्लेम आहे, सीट दोन इंच खाली होईल का. त्यात मला न जमण्यासारखं काय होतं? फोम असा उतरवला की कंपनीनेच तशी सीट दिली असावी असं वाटावं. पावलं पूर्ण टेकली. साहेब खूश, मीही खूश. त्यांनी चारशेची घेतली. पंधरा दिवसांत सातारा रोडच्या सिग्नलला, गाडी जागेवर उभी असताना, एका बाजूला कलली ती कललीच. पाय जमिनीला होते, पण एवढं वजन सावरायचं बळ त्या पायांत नव्हतं. घोट्याचं हाड मोडलं.

त्यांचे वडील आले. माझ्या दुकानापुढे उभे राहून सीट कुणी कापली म्हणून विचारायला लागले. आवाज चढलेला. गल्ली गोळा झाली. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "मी सांगितली कापायला. यांनी फक्त माझं ऐकलं. बोलायचं ते मला बोला."

ते खूप बोलले. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंत. ज्या गोष्टीला तुम्ही स्वच्छ नाही म्हणाला होतात, तिच्यासाठी. लोक गेल्यावर मला वाटलं, आता माझी पाळी. तुम्ही एवढंच म्हणालात, सीट कापून गाडीचं वजन कमी होत नाही, वाशीमकर. यापुढे आधी माणूस मोजा आणि मग फोम. दुसऱ्या दिवसापासून कुणी सल्ला विचारायला आलं की तुम्ही मला हाक मारायचात, शेजारी उभं करायचात आणि गिऱ्हाइकासमोर विचारायचात, बाई, तुम्हाला काय वाटतं. पहिल्यांदा मला काहीच वाटायचं नाही, नुसते कान तापायचे. हळूहळू वाटायला लागलं. माणूस गाडीवर बसला की खांदे कुठे जातात, मनगटावर किती भार येतो, ढकलताना तो आधी हँडलला झोंबतो की कंबर लावतो, हे दिसायला लागलं. नववी न झालेल्या बाईला विचारून इंजिनिअर लोक गाडी ठरवायला लागले. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. दरवेळी तुम्ही विषय बदलायचात, आणि मला ते सोयीचंच होतं.

गाडी चालवायला तुम्हीच शिकवलंत. सकाळी सात वाजता, रिकाम्या मैदानावर. मला म्हणायचात, घाबरा, पण क्लच सोडू नका. लायसन्सच्या परीक्षेला जाताना मी चार वेळा पिशवीतले कागद तपासले, तर तुम्ही म्हणालात, पाचव्यांदा बघितलंत तर त्यांची झेरॉक्स आपोआप निघेल.

मग आठ महिन्यांपूर्वी ती निळी आली. अडीचशेची, स्पोर्ट, एकाच मालकाने वापरलेली, नीट ठेवलेली. तुम्ही ती चढावर उभी केलीत आणि मला म्हणालात, ढकला. मी कंबर लावली आणि एका दमात उलटी आत नेली. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. तुमच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

ही तुमची, म्हणालात.

मी म्हणाले, मला दीडशे पुरे. पेट्रोल कमी लागेल. वजनाला हलकी. आणि तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, सोमवार ते शनिवारची घ्या. माझं सोमवार ते शनिवार कात्रज ते बिबवेवाडी आहे. तुम्ही चष्मा वर केलात. "तो नियम ज्यांचं घर इथे आहे त्यांच्यासाठी. तुमचं घर साडेचारशे किलोमीटरवर आहे."

आणि मग तुम्ही समजावून सांगितलंत, जसं कुणालाच इतकं समजावलं नव्हतंत. दीडशेची ताशी ऐंशीने पळेल, पण ऐंशीला तिचा दम संपत आलेला असेल. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधून तुम्हाला निघायचंय, त्या वेळी मुठीत थोडं शिल्लक हवं. अडीचशे वेगासाठी घ्यायची नाही, त्या शिलकीसाठी घ्यायची. चारशे नको, ती तुम्हाला ओढून नेईल. दीडशे नको, तिला तुम्ही ओढत न्याल. सकाळी पाचला निघा, उजेडात आईच्या दारात. एका पार्टच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुम्ही रस्ता काढून दिलात. नगरला चहा, जालन्याला जेवण, मेहकरला अर्धा तास पाठ टेका. त्याच्या पुढे रेघ ओढली नाहीत. मेहकरच्या पुढचा रस्ता मी काय सांगणार, तो तुमच्या पायाखालचा, म्हणालात.

काका, मेहकरच्या पुढचा रस्ता आता कसा आहे हे मला माहीत नाही. मी पुण्यात आल्यापासून एकदाही गेलेले नाही. दर दिवाळीला चार दिवस दुकान बंद ठेवायचे आणि कात्रजच्या खोलीत बसून राहायचे. परत आल्यावर तुम्हाला इथल्याच दुकानातल्या शेवचिवड्याचा पुडा द्यायचे, आईने दिलाय म्हणून. तुम्ही म्हणायचात, वऱ्हाडच्या हाताला चवच वेगळी.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. भावाने तिसऱ्या दिवशी फोन केला. सगळं उरकलंय, येऊ नकोस, म्हणाला. त्या दिवशी दोन सीटा द्यायच्या होत्या. मी दुकान उघडलं. अकरा वाजता तुम्ही चहा घेऊन आलात आणि विचारलंत, आई बऱ्या आहेत ना? मी तोंड उघडलं ते सांगायलाच. आणि म्हणाले, बऱ्या आहेत, गुडघे तेवढे दुखतात.

का म्हणाले ते मला त्या वेळी कळलं नाही. तुम्ही काळजीत पडलात. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा पट्टा घेऊन आलात, मोठ्या मापाचा, म्हणालात बायका मापाचं खरं सांगत नाहीत म्हणून एक नंबर मोठा आणलाय, पोस्टाने पाठवा. तो माझ्या कपाटात आहे. मग दोन महिन्यांनी विचारलंत, पट्ट्याने फरक पडला का. पडला म्हणाले. अशी मी तिला सहा वर्षं चालवली, काका. कधी गुडघे, कधी उन्हाचा त्रास, कधी नातवाचं कौतुक. भावाला मुलगा आहे की मुलगी, हेसुद्धा मला माहीत नाही.

आठ महिने तुम्ही मला विचारत होतात, एवढी कशाला अडता, ढकलता येते, चालवता येते, मग भीती कशाची. मी वजन सांगायचे, पेट्रोल सांगायचे. तुम्ही दरवेळी ते खोडून काढायचात. तुमचं सगळं बरोबर होतं. फक्त रस्ता मी खोटा सांगितला होता.

तुमचा दहावा झाल्यावर सदाशिव पेठेत तुमच्या घरी गेले. तीन जिने चढेपर्यंत वाटत होतं परत फिरावं. मी कोण, म्हणून काय सांगणार? पण काकूंनी दार उघडलं आणि मला पाहताच म्हणाल्या, "या, वाशीमच्या ना तुम्ही? चहा विचारत नाही, सुतकात आहोत. बसा." मी बसले. त्या तुमच्याबद्दल काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी पहिलं विचारलं, आईंचे गुडघे आता कसे आहेत. म्हणाल्या, तो पट्टा आणायला मीच गेले होते लक्ष्मी रोडला, ह्यांना माप कुठलं कळतंय.

मी एकदम सगळं बोलले. भाऊ, दार, दिवाळीच्या सुट्ट्या, शेवचिवडा, तिसऱ्या दिवशीचा फोन. काकू ऐकत होत्या. रागावल्या की काय ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मग ह्यांना का नाही सांगितलंत? ते काही खाणार नव्हते तुम्हाला."

मी म्हणाले, "सांगितलं असतं तर त्यांनी विचारणं बंद केलं असतं, काकू. तिच्याबद्दल विचारणारं दुसरं कुणी नव्हतं."

बोलल्यावर मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. तुम्ही विचारायचात तोवर ती कुठेतरी गुडघे धरून उठत होती, बसत होती. तुमच्याबरोबर ती आत्ता गेली, काका. एका गुरुवारी माझी दोन माणसं गेली.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मग काकूंनी विचारलं, "आईचं सुतक कुठे पाळलंत?"

नाही पाळलं म्हटलं. दोन सीटा द्यायच्या होत्या.

त्या म्हणाल्या, "लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं असतं. आमचा तेरावा व्हायला तीनच दिवस राहिलेत. सकाळी येत जा, संध्याकाळी जात जा. इथे बसा माझ्याबरोबर." मी काहीतरी बोलायला गेले, तर तुमच्यासारख्याच म्हणाल्या, "दुकान तीन दिवसांत कुठे पळून जात नाही. दिवाळीला चार दिवस बंद ठेवायची सवय आहेच तुम्हाला."

मी तीन दिवस बसले, काका. तुमच्या घरात, सतरंजीवर, भिंतीला टेकून. येणारे तुमच्याबद्दल बोलायचे. तुमचे बँकेतले भाऊ म्हणाले, आमच्या घरात नखं काळी असलेला हा एकटाच. त्या कात्रजच्या साहेबांचे वडीलही आले होते. सीटची गोष्ट मी त्यांना खरी सांगितली. ते म्हणाले, पुढच्याच आठवड्यात मुलाने घरी सांगून टाकलं होतं, मी काकांना जाऊन भेटलोही होतो, ते म्हणाले झालं गेलं, बाईंच्या कानावर घालू नका, त्या उगाच घाबरतात. तुम्हीही माझ्यापासून काहीतरी ठेवलं होतंत तर. बरं वाटलं. थोडी फिटंफाट झाली.

मधल्या वेळात कुणी नसलं की काकू आईबद्दल विचारायच्या. खरं विचारायच्या, आणि मी खरं सांगायचे. ती ज्वारीच्या कण्या कशा करायची, तिच्या हातावर काय गोंदलेलं होतं, मी निघाले तेव्हा ती दाराआड कुठलं लुगडं नेसून उभी होती. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की मी सगळं विसरले असेन. विसरले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी रडले, आणि काकूंनी थांबा म्हटलं नाही.

तेराव्याला तुमच्या मुलाने विचारलं, निळीचं काय करायचं, बाबांनी तुमच्या नावाने ठेवली होती, तुम्ही न्यावी असं आईचं म्हणणं आहे. घेऊन टाकावी असं मनात आलं, फक्त तुम्ही निवडली म्हणून. पण गेलेल्या माणसाचा शब्द म्हणून कुणी गाडी घेतली असती, तर तुम्हीच त्याला सोलून काढलं असतं. मी सांगितलं, ज्याला खरंच लांब जायचंय अशा कुणाला दाखवा, आणि आधी चढावर ढकलायला लावा.

तर हे माझं उत्तर, काका. दोन आठवडे उशिरा आणि अकरा वर्षं उशिरा. तुम्ही रागवाल असं वाटत नाही. चष्मा वर कराल आणि पुन्हा पहिल्यापासून विचाराल, रोज कुठून कुठे जाता. या वेळी खरं सांगते. कात्रज ते बिबवेवाडी, आणि रविवारी काकूंकडे सदाशिव पेठेत.

दीडशे पुरते.